दांडा वर, नजर खाली

वसाहतीच्या फाटकावर बसणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. त्यांच्याहून वयानं मोठे असलेलेही म्हणत, आणि सख्ख्या मामाकडे फिरकायला ज्यांना सवड नव्हती तेही म्हणत. काम एकच होतं. गाडी आली की बटण दाबून लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा आडवा दांडा वर करायचा, उजवा हात कपाळाशी न्यायचा, गाडी गेली की दांडा खाली सोडायचा. केबिन इतकी अरुंद होती की खुर्चीत बसून पाय लांब केले तर ते दाराबाहेर जात, आणि ते बाहेर दिसले की सेक्रेटरींचा फोन येई.

त्याआधी मामा एका सिनेमा थिएटरच्या दारावर होते. अंधारात तिकिटं फाडायची. टॉर्चच्या गोल उजेडात फक्त हात यायचे: घामेजलेले, अंगठ्यांनी भरलेले, नखं कुरतडलेले. चेहरे वर अंधारात असत आणि त्यांचं मामांना काही काम नव्हतं. थिएटर बंद पडलं, तिथं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम झालं. मग एका एजन्सीनं मामांना गणवेश दिला आणि डोक्यापेक्षा मोठी टोपी दिली. टोपी कपाळावर घसरायची. बरंच होतं, ऊन लागत नसे.

एजन्सीच्या माणसानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आधीचा गार्ड का गेला माहीत आहे? एका साहेबांना काच खाली करायला लावली. आपण कोणाच्या तोंडाकडे टकमक बघायचं नाही. गाडी ओळखायची, बस."

मामांनी गाड्या ओळखल्या. बँकवाल्यांची गाडी वळताना कण्हायची. सेक्रेटरींचा आधी हॉर्न यायचा, मग गाडी. कोपऱ्यातल्या घरात नवराबायकोचं वाजलं की निळ्या गाडीचा क्लच दुसऱ्या दिवशी सकाळी ओरडायचा. दातांच्या डॉक्टरीणबाईंची पांढरी, काळ्या काचांची गाडी मात्र आवाजच करत नसे. मामा पेंगत असले तरी टायरखाली खडी चुरडल्याचं त्यांना कळायचं, बोट आपोआप बटणावर जायचं. पुढे पुढे बोट आणि कपाळाकडे जाणारा हात यांच्यामध्ये मामा उरलेच नव्हते.

ती गाडी एका रविवारी दुपारी गेली. वसाहत जेवून झोपली होती. पांढरी गाडी आली, दांडा वर झाला, हात कपाळाला लागला. दांड्याखालून जाताना गाडीनं डिपर दिला. पुढचे दिवे एकदा उजळले आणि विझले. इतक्या वर्षांत असं कोणी केलं नव्हतं. मामांना बरं वाटलं. त्यांनी खुर्ची थोडी सावलीत सरकवली आणि डोळे मिटले.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई क्लिनिकला जायला निघाल्या तेव्हा गाडीच्या जागी फरशी होती. काच फुटली नव्हती, अलार्म वाजला नव्हता. चावी दाराशेजारच्या फळीवर होती, दुसरी कपाटात होती.

दुसऱ्या दिवशी फौजदार आले. वय झालेला, पोट सुटलेला माणूस. बोलता बोलता कुठंतरी टेकायची त्यांना सवय होती. सगळी पाहणी त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या दाराच्या चौकटीला टेकूनच केली.

"चावी इथं ठेवता? रोज?"

"आणखी कुठं ठेवणार? आल्या आल्या हाताशी पडते."

"तुमच्या हाताशी, आणि भिंतीपलीकडच्या माणसाच्याही. ही चावी गप्प नसते, मॅडम. गाडी जवळ आहे का, गाडी जवळ आहे का, असं दोघींचं चाललेलं असतं. एकजण इथं दाराशी पिशवी घेऊन उभा राहिला. पिशवीत यंत्र. त्यानं चावीचा आवाज पकडला आणि गाडीपाशी उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या यंत्राकडे पाठवला. गाडीला वाटलं, मालकीणबाई आल्या. दार उघडलं. बटण दाबलं, सुरू झाली. चावी फळीवरच."

"म्हणजे कुलूप लावलं काय, नाही लावलं काय, सारखंच?"

"चावी लोखंडी डब्यात ठेवली असती तर आवाज बाहेर आला नसता. आता गाडी परत आली की ठेवा." ती परत येणार आहे असं त्यांच्या स्वरात नव्हतं.

"पण आम्ही हा भाग निवडलाच मुळी सुरक्षित म्हणून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विम्याचा हप्तासुद्धा इथल्या पत्त्यावर कमी बसतो."

फौजदारांनी मागं उभ्या असलेल्या मामांकडे पाहिलं. "तुम्ही कुठं राहता, मामा?"

"खाली, नाल्यापलीकडच्या वस्तीत."

"तिथं जातात का गाड्या?"

"गाड्या आहेत कुठं, साहेब. एक भाजीवाल्याचा टेम्पो आहे. तो ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. चोरायचा म्हटला तर चोराला आधी शेजाऱ्यांना हाक मारावी लागेल."

फौजदार हसले. "तिथं बॅटरी जाते, पेट्रोल जातं, आरसे जातात. अख्खी गाडी जाते ती इथून. आणि ज्या मॉडेलला मागणी, तेच जातं. बाजारात जायचं तर पिशवी घेऊन माणूस चांगल्या दुकानातच शिरतो. पण लोकांना विचारा, चोर कुठं राहतात, तर सगळे नाल्याकडे बोट दाखवतील."

तसंच झालं. बोट दाखवलं गेलं आणि ते ओल्यावर जाऊन थांबलं.

ओल्या वसाहतीतल्या गाड्या धुवायचा. चाळिशी उलटलेला, गुडघ्यापर्यंत पॅंट कायम ओली, म्हणून ओल्या. राहायला मामांच्याच गल्लीत. पण दोघांत बोलचाल नव्हती. ओल्याच्या मोरीचं पाणी मामांच्या उंबऱ्याशी येऊन साचायचं, त्यावरून शब्दानं शब्द वाढला होता आणि बोलणं तुटलं ते तुटलंच. फाटकातून बादली घेऊन जाताना ओल्या आभाळाकडे बघे, मामा दांड्याकडे.

वसाहतीच्या कॅमेऱ्यात दोन माणसं दिसत होती. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, पाठीवर घरपोच सामान देणाऱ्यांच्या पिशव्या. असे दिवसाला कितीतरी येत, पायी आलेल्यांना कोणी हटकत नसे. एक डॉक्टरीणबाईंच्या दाराशी बेल शोधत असल्यासारखा उभा राहिला. दुसरा गाडीत बसला. पुढचं चित्र फाटकावरचं. पांढरी गाडी, काळी काच, वर जाणारा दांडा, आणि कपाळाला हात लावून उभे असलेले मामा. सेक्रेटरींनी कमिटीच्या खोलीत हे चित्र मामांना पुन्हा पुन्हा दाखवलं. मामांना आपलीच पाठ ओळखू आली नाही. एवढा बाक आला होता हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"आता हे कसं दिसतं, मामा?" सेक्रेटरी म्हणाले.

"वाईट दिसतं."

"वाईट नाही, चोराला सलाम करताना दिसतं. एजन्सीला हे पाठवलं तर तुम्हाला दुसरीकडेही उभं करणार नाहीत. या वयात." ते थोडे जवळ सरकले. आवाज मऊ झाला. "माझं ऐका. ओल्या रोज त्या गाडीला हात लावतो. कधीकधी मॅडम त्याच्याकडे चावी देतात, गाडी मागंपुढं करायला. फाटकाशी येताना त्या माणसानं हेल्मेट काढलं असणारच. तुम्हाला आत ओल्या दिसला. वाटलं, मॅडमनी पाठवला असेल. तुम्ही दांडा उघडलात. यात तुमची चूक काय? रोजच्या माणसाला कोण अडवतं?"

"पण मला नाही दिसला."

"दिसला म्हणू नका. ओल्यासारखा वाटला म्हणा. 'सारखा' म्हणायला काय जातं? पुढचं पोलीस बघतील. त्याला काही नसेल तर सुटेल."

मामांनी घरी सांगितलं. मामी भाजी निवडत होत्या.

"मग? काय म्हणालात?"

"उद्या फौजदार येणार आहेत. तेव्हा बोला म्हणाले."

"ओल्याशी आपलं कुठं बोलणं आहे?"

"नाही."

"मी खोटं बोला म्हणत नाही हं. मी एवढंच विचारते, परवापासून सकाळी उठून कुठं जाणार? दिवसभर घरात तुम्ही आणि मी, समोरासमोर. विचार करा."

मामांनी टोपी काढून खुंटीला लावली. मग त्यांनी डिपरची गोष्ट सांगितली. ती अजून कोणालाच सांगितली नव्हती.

मामींच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हणजे चोरानं डोळा मारला आणि तुम्ही लाजलात."

"बरं वाटलं एवढंच."

"तेच ते." हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचंच होतं की काय, मामांनी निरखून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी केबिनमध्ये बसून मामांनी तो रविवार आठवायचा प्रयत्न केला. पांढरी गाडी आली. काळ्या काचेमागं त्यांनी ओल्याचा चेहरा ठेवून पाहिला. तो चपखल बसला. गालाचं हाड, वाढलेली दाढी, सगळं स्पष्ट दिसलं. मामा दचकले. मग त्यांनी तिथं भाजीवाल्याला बसवलं, तोही बसला. थिएटरच्या मॅनेजरला बसवलं. मेलेल्या वडिलांना बसवलं, आणि वडील स्टिअरिंगवर हात ठेवून सरळ समोर बघत फाटकातून निघून गेले. जो चेहरा ठेवावा तो तिथं राहत होता. मामांना वाटलं, आपण ओल्याचं नाव दोनदा घेतलं तर तिसऱ्यांदा तोच खरा होईल, आणि मग मरेपर्यंत आपल्याला ओल्याच दिसत राहील. त्यांना फार थकल्यासारखं झालं. दरम्यान निळी गाडी आली आणि गेली. दांडा उघडला होता, हात कपाळाला लागला होता. कधी, ते त्यांना कळलं नाही.

संध्याकाळी कमिटीच्या खोलीत फौजदार टेबलाला टेकून उभे होते. सेक्रेटरी होते, आणखी पाचसहा जण होते. ओल्याला सकाळीच चौकीवर नेऊन बसवलं होतं.

"बोला, मामा. गाडीत कोण होतं?"

"बघितलं नाही, साहेब."

"ओल्या होता?"

सेक्रेटरींनी हळूच मान हलवली, मूल पाठ म्हणत असताना आई हलवते तशी.

"असेलही. नसेलही. तुम्हीही असाल. मी गाडी बघितली आणि दांडा उघडला."

"मामा," सेक्रेटरी म्हणाले, "काल तुम्ही मला म्हणालात की..."

"काल तुम्ही म्हणालात. मी ऐकलं."

फौजदारांनी डोळे चोळले. "म्हणजे तुम्ही आत कोण आहे ते बघतच नाही? रोजसुद्धा?"

"नाही. बघायचं नाही असं सांगितलंय."

मागच्या रांगेतून एक बाई पुढं आल्या. बारीक चणीच्या, चष्मा लावलेल्या. "असं कसं मामा? मला तरी ओळखता ना तुम्ही?"

मामांनी पाहिलं. आवाज ऐकल्यासारखा होता. आदल्या दिवशी फौजदारांच्या मागं उभे असताना त्यांनी या बाईंच्या चपला पाहिल्या होत्या. आता त्यांनी खाली पाहिलं, चपला दुसऱ्या होत्या.

"गाडीत असलात की ओळखतो," मामा म्हणाले.

कोणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. फौजदार टेबल सोडून सरळ उभे राहिले. "ठीक आहे. एवढ्यावर मी कोणाला धरून ठेवू शकत नाही," ते म्हणाले, आणि हे आपल्याला आवडलं की नाही तेही त्यांना ठरवता आलं नसावं.

ओल्या त्याच रात्री घरी आला. एजन्सीचा फोन मामांना त्याच्या आधी आला होता. टोपी आणि गणवेश धुऊन परत करायचा होता. मामींनी तो धुतला, इस्त्री केली, घडी घातली. ओल्याचं काम मात्र सुटलं नाही. वसाहतीत दोन दिवस कुजबुज झाली, मग गाड्यांवर धूळ बसली आणि कुजबुज थांबली.

मामा दारात बसू लागले. गल्लीतून माणसं जात. मामा त्यांच्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न करत. जड जायचं. नजर आपोआप पायांवर किंवा चाकांवर उतरायची आणि तिला परत वर ओढावी लागायची. एक-दोघांनी विचारलंही, "काय हो, असं काय बघता?" गल्लीतल्या चांभारानं एकदा पैज लावून विचारलं, आत्ता इथून कोण कोण गेलं, तेव्हा दोन माणसं मात्र त्यांना नावानिशी सांगता आली.

एका संध्याकाळी ओल्याची सायकल दारासमोर थांबली. हॅंडलला बादली लटकत होती. त्यानं एक पाय जमिनीला टेकवला. आभाळाकडे पाहिलं नाही.

"तुमच्या जागी कॅमेरा लावलाय," तो म्हणाला. "नंबराची पाटी बघतो आणि दांडा आपोआप वर करतो."

"आत कोण आहे ते?"

"ते कशाला बघेल? नंबर बघतो."

"सलाम?"

"नाही करत."

मामांनी हं म्हटलं. ओल्या निघाला नाही. हॅंडलचं रबर नखानं खरवडत राहिला.

"माझं नाव घ्यायला सांगितलं होतं तुम्हाला. मला चौकीवर कळलं."

"सांगितलं होतं."

"मग घेतलं का नाहीत? आपलं तर काही पटत नाही."

"बघितलंच नव्हतं, तर काय घेऊ."

"आणि बघितलं असतं तर?"

मामांनी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. गालाचं हाड कल्पनेत होतं तेवढं वर नव्हतं. दाढी पांढरी व्हायला लागली होती. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित लहान होता.

"बघितलं असतं तर घेतलं असतं," ते म्हणाले.

ओल्यानं मान डोलावली. दुसरं काही ऐकलं असतं तर त्याला ओझं झालं असतं असं वाटलं. त्यानं बादली सरळ केली, सायकलवर टांग टाकली आणि पॅडल मारत गल्लीच्या टोकाकडे गेला. मामा तो वळेपर्यंत बघत राहिले, आणि मग कोण येतंय ते बघायला त्यांनी मान दुसरीकडे वळवली.