डिग्रीच्या फाइलमधले अकरा दिवस

दुर्ग स्टेशनवर माझी काळी ट्रंक डब्यात चढवली ती राहुलनं. राहुल माझा धाकटा भाऊ. तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि अंगानं नुसती काडी. ट्रंक दोघांनी उचलायची ठरलं होतं, पण "तू अफसर आहे आता, तू नको हात लावू" म्हणत त्यानं ती एकट्यानं खांद्यावर घेतली आणि डब्याच्या दारात अडकला. मागची माणसं ओरडली. राहुल हसत होता. बाबा फलाटावर उभे राहून ओळखीच्या-अनोळखीच्या प्रत्येकाला सांगत होते, "पोरगा फौजेत चालला. शिपाई नाही, अफसर. डिग्रीवाला." छत्तीसगड राज्य नवीन झालं होतं. स्टेशनबाहेरच्या दुकानांच्या पाट्यांवर 'म.प्र.' खोडून 'छ.ग.' लिहिण्याचं काम चालू होतं. आम्ही सगळेच नव्यानं काहीतरी होऊ घातलो होतो. गाडी हलली तसा राहुल खिडकीबरोबर फलाट संपेपर्यंत धावला. मी हात हलवला, पण त्याच्या तोंडाकडे बघू शकलो नाही.

का ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहितो आहे ते दुर्गशेजारच्या भिलाईत राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे जे तिथून निघून गेले त्यांच्यासाठीही.

बाबा पवनीजवळच्या एका खेड्यातून भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये आले. कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांच्या माथ्यावर त्यांचं काम. तिथली जमीन इतकी तापलेली असते की साध्या बुटाचा तळ टिकत नाही, म्हणून लाकडी तळाचे बूट घालावे लागतात. ते बूट घालून घालून बाबांची चाल घरातही जडच झाली होती. पाय उचलून, टेकवून, मग पुढचा. त्यांची शिफ्ट रात्रीची असली की दिवसा क्वार्टरमध्ये आम्ही खुणांनी बोलायचो. दम्यासारखा खोकला त्यांना चाळिशीतच लागला.

घरातली पहिली डिग्री माझी. बी.एस्सी. मार्कशीट आणि डिग्रीसाठी मायनं निळ्या रंगाची फाइल आणवली आणि ती बुद्धमूर्तीच्या शेजारी, शोकेसच्या वरच्या फळीवर ठेवली. पौर्णिमेला मेणबत्ती लावताना ती फाइलही पुसायची. "हात धुऊन हात लाव तिले," हे तिचं वाक्य माझ्या कानात पक्कं बसलं आहे. मी सोडून ती फाइल कुणी उघडत नसे. बाबाही नाही. त्यांना वाटे, आपल्या बोटांचा काळा डाग लागेल.

डिग्रीवर मी सीडीएसची, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी भरतीची लेखी परीक्षा दिली. मग पाच दिवसांची मुलाखत, मग मेडिकल. गणवेशाची हौस आणि भिलाईबाहेर पडायची घाई, दोन्ही सारखीच होती. पण गुणवत्ता यादीत नाव येईल याची खात्री नव्हती. त्याच उन्हाळ्यात बाबांचा खोकला वाढला. त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. एक, हलकं काम घ्यायचं. टाइम ऑफिसमध्ये रजिस्टर सांभाळत निवृत्तीपर्यंतची वर्षं काढायची. दुसरा, मेडिकल बोर्डापुढे जाऊन 'अनफिट' व्हायचं आणि आपल्या जागी मुलाला नोकरी मिळवून द्यायची. प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरमध्ये 'अनफिट' हा शब्द कुणाला वाईट वाटत नसे. उलट शेजारी विचारायचे, "झाला का तुझा बाप अनफिट?" आणि हो म्हटलं की अभिनंदन करायचे. बाबांनी दुसरा रस्ता धरला. "याचं लागून जाईन," म्हणाले. याचं म्हणजे माझं.

बोर्डाला अकरा दिवस राहिले असताना पोस्टमन आला. घरी मी एकटा होतो. अकादमीत हजर व्हायचं पत्र होतं.

मी ते वाचलं, परत वाचलं, आणि हात धुऊन निळ्या फाइलमध्ये डिग्रीच्या मागे सरकवून ठेवलं.

मनाला मी एक कारण दिलं होतं. पत्र दाखवलं तर बाबा बोर्ड रद्द करतील आणि पुन्हा धुरात राबतील, त्यापेक्षा सुटलेले बरे. ते कारण खोटं होतं. त्यांना टाइम ऑफिसची खुर्ची मिळत होती, हे मला माहीत होतं. खरं कारण भीतीचं होतं. अकादमीत कुणाचा पाय मोडतो, कुणाला जमत नाही, पोरं परत येतात असं ऐकलं होतं. परत यावं लागलं तर प्लांटची नोकरी हाताशी असावी. एवढंच.

अकरा दिवस मी रोज सकाळी बाबांना बोर्डाच्या कागदांत मदत केली. बाराव्या दिवशी ते अनफिट होऊन आले. तेराव्या दिवशी मी पत्र काढलं आणि म्हणालो, "आजच आलं."

बाबांनी सेक्टरभर जिलेबी वाटली. मग दोन दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की त्यांची नोकरी गेली आहे आणि जिच्यावर मी लागणार होतो ती जागा रिकामी आहे. अर्जाला मुदत होती. राहुल बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होता. गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. "जाय तू बिनधास्त," तो मला म्हणाला, "मी आहो न." त्यानं कॉलेज सोडलं आणि प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे जड सामान ओढणारा मदतनीस म्हणून लागला.

माझं पुढचं आयुष्य चांगलं गेलं, हे कबूल करायला हवं. पाय मोडला नाही. खांद्यावर तारे लागले, पुढे आणखी लागले. बर्फात राहिलो, वाळूत राहिलो, दर दोन-तीन वर्षांनी नवी पोस्टिंग, नवी मेस, नवं सामान बांधणं. मराठी बोलायला माणूस मिळेना म्हणून तोंडातली भाषाच बदलली. सुरुवातीला मेसमध्ये कुणी वडिलांचं काम विचारलं की 'स्टील प्लांट' म्हणून गप्प व्हायचो. नंतर लाकडी तळाच्या बुटांबद्दल अभिमानानं सांगायला लागलो. भूक लागली की अजूनही मला मायच्या हातचा भात आणि तोंडी लावायला वांग्याची भाजीच आठवते, आणि जवान थकले की "चला, पाय उचला" हे मी बाबांच्या आवाजात म्हणतो.

पण सुट्टीवर रिकाम्या हातानं कधी गेलो नाही. कँटीनमधून घेतलेला कुकर, इस्त्री, ब्लेझरचं कापड, पंखा. राहुलची बायको संकोचून म्हणायची, "भाऊजी, कशाला?" राहुल हसायचा. "दादा, घरात तीन मिक्सर झाले. आता काय, दुकान टाकू का?" त्याला मी काय सांगणार होतो! बाबा गेले तेव्हा मी सीमेवर होतो. तिसऱ्या दिवशी पोचलो. त्यांनाही सांगायचं राहिलं ते राहिलंच.

आता राहुल क्रेन चालवतो. दुर्गला मोहन नगरात त्यानं स्वतःचं घर बांधलं. माय त्याच्याकडेच असते. त्याची मुलगी प्रज्ञा बी.एस्सी. झाली, आणि कुणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतःच्या हिमतीवर सैन्याच्या अधिकारी परीक्षेला बसली. मला तिनं फक्त एकदा फोन केला होता. "मोठे बाबा, इंटरव्ह्यू में झूठ पकड़ लेते हैं क्या?" मी म्हटलं, "हो, पकडतात." माझं कुणी पकडलं नव्हतं, हे बोललो नाही.

तिची निवड झाली. गेल्या वर्षी तिला निरोप द्यायला मी सुट्टी काढून गेलो. आदल्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसलो होतो तेव्हा कळलं की पोरीनं पत्र आल्यावर दोन दिवस कुणाला सांगितलंच नव्हतं. बाप रडेल म्हणून. राहुल ताटावरून उसळला.

"दोन दिवस लपवलं? या घरात असं नाही होत! तुह्या मोठ्या बाबाले लेटर आलं, त्यानं त्याच दिवशी आणून बाबाच्या हातात देलं. शिक जरा!"

"पापा, बस दो दिन की तो बात थी," प्रज्ञा म्हणाली.

"दोन दिवस असो का दोन तास. मोठ्या बाबाले विचार."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी वरण मागितलं.

म्हणजे माझं खोटं या घरात एक संस्कार होऊन बसलं होतं. त्यावरून मुलीला रागावलं जात होतं. दुसऱ्या दिवशी प्रज्ञाची गाडी सुटली. राहुल आणि मी स्टेशनवरून पायी परत निघालो. त्याची दुसरी शिफ्ट होती, तासभर हातात होता. रस्त्यातल्या टपरीवर चहा घेतला आणि मी त्याला सांगून टाकलं. अकरा दिवस, फाइल, सगळं.

त्यानं आधी बाबांचं विचारलं.

"बाबाले माहीत होतं?"

"नाही."

"मायले?"

"नाही."

"मंग कावून केलं?"

मी खरं कारण सांगितलं. तो कोरडं हसला. "म्हणजे आमाले तू स्पेअरमधी ठेवलं. मशीनचा पार्ट ठेवते तसं."

मी म्हणालो, "तुझं शिक्षण माझ्यामुळे गेलं, राहुल. तुझं सगळं आयुष्य..."

"थांब." त्यानं ग्लास ठेवला. "माह्या आयुष्याले काय झालं? तुले काय वाटते, पंचवीस साल मी तुही उरलेली नोकरी करून राहिलो? खाली माणसं उभी रायतात, दादा. वरून मी वितळलेल्या लोखंडानं भरलेलं लॅडल नेतो. एक डाव हात हलला नाही माहा. नवीन पोरं माह्याकडे शिकाले येतात. तू ज्याची दया करून राहिला न, त्याच्यावर पोरगी अफसर झाली." मग एकदम त्याच्या ध्यानात आलं. "अन् ते मिक्सर! आता समजलं मिक्सर कायचे होते ते."

इतकी वर्षं मी त्याचं नुकसान मोजत होतो, आणि त्यात त्याचं आयुष्य मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. तो क्रेनच्या केबिनमध्ये नेमकं काय करतो हे मी त्याला एकदाही विचारलेलं नव्हतं. मी फक्त वस्तू आणत होतो.

"मले त्याचं काही नाही," तो उठत म्हणाला. "पण बाबा जिलेबी घेऊन घरोघर फिरले. खोकलत. त्याचं मी काय करू, सांग." आणि तो शिफ्टला निघून गेला.

त्यानंतर सहा आठवडे त्याचा फोन नाही. मी केला तर त्याची बायको उचलायची. मग एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला.

"प्रज्ञाच्या टाचेले फोड आले म्हणते. पळता येत नाही म्हणे. काय सांगू तिले?"

मी सांगितलं. आत पातळ मोजा, वरून जाड. फोड फोडायचा नाही. बुटाला आतून साबण चोळायचा. कवायत शिकवणाऱ्या उस्तादांपासून लपवायचं नाही, मेडिकल रूममध्ये दाखवायचं. त्यानं प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. बहुतेक लिहून घेत होता.

"आयक," शेवटी म्हणाला, "मी अजून चिडून आहो. हा फोन पोरीसाठी केला."

"हो," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी पुन्हा फोन आला. त्या वेळी दोरावर चढण्याबद्दल. त्याच्या पुढच्या रविवारी मी त्याला विचारलं, लॅडल उचलताना झोका कसा आवरतोस? तो पाऊण तास बोलला. इतकं सलग मराठी मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

यंदा मी मुदतीआधी निवृत्ती मागितली आहे. फॉर्ममध्ये एक रकाना असतो, निवृत्तीनंतर कुठे राहणार. माझ्याबरोबरचे अधिकारी पुणे लिहितात, डेहराडून लिहितात. आमचं सेक्टरमधलं क्वार्टर तर केव्हाच दुसऱ्याच्या नावावर झालं. मी बायकोला म्हणालो, दुर्ग लिहितो. ती म्हणाली, "आधी विचारा त्यांना. तुम्ही मनातल्या मनात ठरवून मोकळे होता."

मी राहुलला फोन लावला. "तुझ्या घराचा पत्ता लिहू का? जवळपास जागा मिळेपर्यंत."

मागे माय कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होती, बहुतेक भाजीवाल्याशी.

"वरची खोली आहे," तो म्हणाला. "उन्हाळ्यात तपते. पण एक काम कर अगोदर. मायले सांग. तू स्वतः येऊन सांग, फोनवर नाही. मी नाही सांगणार तुह्यासाठी."

"सांगतो."

"बुधवारी माहा ऑफ असते," राहुल म्हणाला. "बुधवारी ये. मी बसतो बाजूले. तुले एकट्याले नाही जमणार."

तो रकाना अजून कोरा आहे. बुधवारचं तिकीट काढलं आहे. या वेळी बॅगेत कुणासाठी काही नाही. मला भीती वाटते आहे, आणि त्या भीतीसकट मी घरी निघालो आहे. बुधवारी माय जे काही म्हणेल ते ऐकायला मी एकटा नसेन. घर म्हणजे आता मला एवढंच कळतं.