सदऱ्याचा वास

हाडं-कातडी उकळून सरस बनवणाऱ्या कारखान्यामागे लाकडाच्या ओल्या ढलप्यांनी भरलेला एक हौद होता. कारखान्यातली कुजकट हवा त्या ढलप्यांतून वर यायची आणि त्यांत राहणारे जंतू तिची घाण खाऊन टाकायचे. पाणी मारून त्या जंतूंना जगवणाऱ्या माणसाला सगळे जंतूमामा म्हणत.

मामाचं नाक या कामात कधीच मेलं होतं. हे फक्त मामीला ठाऊक. तो घरी आला की ती दारातच त्याचा सदरा हुंगायची. "आज तुमची पोरं नीट जेवली नाहीत हो," म्हणाली, की दुसऱ्या दिवशी मामा पाणी वाढवायचा. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे हा विनोद दोघांतच राहिला.

मामी तापाने गेली. मामा काही दिवस घरात नुसता बसून होता. त्याच्या जागी बदलीवर आलेल्या शहाण्याने हौदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. परतल्यावर मामाने नेहमीसारखं पाणी मारलं. ढलप्या ओल्या दिसत होत्या; त्याला वाटलं, सगळं ठीक आहे.

संध्याकाळी जिन्यात शेजारणीने त्याला बघताच नाक दाबलं. "काय हो मामा हा वास! जीव नकोसा झालाय."

पोरं मेली, हे मामाला तिथेच कळलं. खोलीत येऊन त्याने सदरा काढला आणि हुंगला. काहीच नाही. मग त्याने कपाटातून मामीची शाल काढली आणि तिच्यात तोंड खुपसून खोल श्वास घेतला.

तिथेही काहीच नव्हतं.