टेकडीवरचे पाच टेलिफोन

माझं पोस्टिंग ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, एका इन्फन्ट्री ब्रिगेडच्या सिग्नल सेक्शनमध्ये झालं. ट्रेड लाइनमन. गावी परतल्यापासून सापगाव ते शहापूर बाजार, जो भेटेल तो एकच विचारतो, किती जपानी मारलेस? एकही नाही. मी टेलिफोनच्या तारा टाकल्या आणि तुटलेल्या जोडल्या. हे ऐकून ज्याला कंटाळा येईल त्याने पुढे वाचू नये.

दुसरा प्रश्न सभांमध्ये माझ्याबरोबर भाषणं करणाऱ्या मित्रांचा. बेचाळीस साली आपल्याकडची पोरं सरकारच्या तारा तोडत होती आणि तू त्याच सरकारच्या तारा जोडायला गेलास? गेलो. फॅसिझमविरुद्धच्या चोपड्या वाचून गेलो, त्यातला शब्द न् शब्द मला पाठ होता. तो वाद आपण पुढच्या सभेत घालू. आज मला लहानूबद्दल लिहायचं आहे. त्याच्याबद्दल सरकारी कागदावर एक खोटं वाक्य आहे आणि त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

लान्स नाईक लहानू देसले मुरबाड तालुक्यातला, नाणेघाटाच्या पायथ्याच्या वाडीतला. भातशेती करणारं घर. वयाने माझ्याहून चार वर्षं मोठा, शाळा दुसरीपर्यंत. मी व्हर्नाक्युलर फायनल पास, म्हणून मला तो मास्तर म्हणायचा. केबलच्या ड्रमला तो म्हस म्हणायचा. चिखलात ड्रम अडला की त्याच्याशी बोलायचा, "चल गो बाय, आज काय रुसलीस?" आणि ड्रम खरंच हलायचा, कारण बोलता बोलता तो खांदा लावत असायचा.

रोजचं काम ठरलेलं. पहाटे साडेपाचला लाइन टेस्ट. एक्सचेंजवरून उत्तर आलं नाही तर दोन माणसं तारेच्या मागे चालत निघायची, एक तार बघणार, दुसरा रायफल घेऊन झाडी बघणार. शत्रू नुसती तार कापत नसे. कापलेली तार दिसते, जोडता येते. तो दोन तारांच्या वेणीत टाचणी खुपसायचा आणि तिचं डोकं छाटून टाकायचा. बाहेरून तार अखंड, आत दोन्ही तारा एकमेकींना चिकटलेल्या, टेलिफोन मुका. असला दोष शोधायला आम्हाला दोन दोन तास लागत. लहानू डोळे मिटून तार तळव्यातून सरकवत चालायचा आणि मध्येच थांबून म्हणायचा, "ही बघ, काटा." रोपं लावून लावून त्याचे तळवे दगडासारखे झाले होते. त्यात टाचणी कशी कळायची, मला आजही सांगता येत नाही.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. आपल्याकडे घरात आजारपण आलं की नारळ, लिंबू, भात माणसावरून ओवाळून तिठ्यावर ठेवतात. त्या उताऱ्याला कोणी हात लावत नाही. फौजेत जाण्याआधी मी खर्डीच्या तिठ्यावर पंचवीस माणसांसमोर असला नारळ फोडून खाल्ला होता आणि अंधश्रद्धेवर भाषण दिलं होतं. हे मी सेक्शनमध्ये अभिमानाने सांगायचो. लहानू ऐकून म्हणायचा, "मास्तर, कोनाच्या तरी घरचं दुखनं होतं रे त्ये. तुला भूक लागली होती तर सांगायचं." सगळे हसायचे. मग मी त्याला सगळ्यांदेखत उतारे काढणारा भगत म्हणायला लागलो. हळूहळू अख्खं सेक्शन भगत म्हणायला लागलं. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या पलटणीने एक टेकडी घेतली. शत्रू रात्रीच मागे सरकला होता. आम्ही सात वाजून वीस मिनिटांनी केबल घेऊन वर पोचलो. बारा वाजता पुढच्या टेकडीवर हल्ला होता आणि तोफखान्याशी बोलायला लाइन हवी होती. आमचे टेलिफोन भिजून निकामी झालेले. चालू एकच, तो माझ्याकडे; लागणार होते चार-पाच.

वर एक बंकर होता. आत फळीवर पाच जपानी टेलिफोन ओळीने मांडलेले. आमच्याबरोबर वर आलेल्या कॅप्टन साहेबांचा चेहरा खुलला. मीही पुढे झालो. लहानूने माझा पट्टा धरला.

"हात नको लावू."

"का?"

"ठेवलेलं हाय. सोडून गेल्यालं नाय त्ये." त्याने जमिनीकडे बोट केलं. "केबल बघ, वीत वीत तुकडे केल्यात. बॅटऱ्या फोडल्यात. आनि टेलिफोन पुसून ठेवलान? आपुन काय करतो पळताना?"

पळताना आम्ही सगळ्यात आधी टेलिफोन फोडतो. ट्रेनिंगमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला ते दिसायला हवं होतं. मी म्हणालो, "भगताला उतारा दिसला." मागची पोरं हसली.

साहेबांनी सुरुंग काढणाऱ्या सॅपर्सना विचारायला सांगितलं. मी माझ्या टेलिफोनचं हँडल फिरवलं.

"हॅलो, एक्सचेंज. सॅपर पार्टी पाहिजे. टेकडीवर."

"सॅपर पुलावर आहेत. दोन वाजता."

"बाराच्या आत हवेत."

"दोन वाजता. ठेवतो."

लहानूने मग स्वतःच्या डोक्याने काम केलं. पहिल्या टेलिफोनच्या पट्ट्याला पन्नास पावलं केबल बांधली, आम्हाला सगळ्यांना खडकामागे बसवलं आणि ओढलं. टेलिफोन फळीवरून पडला, फरफटत आला. काही झालं नाही. दुसरा बांधला, ओढला. काही नाही. दोन्ही चालू. एका टेलिफोनला पंधरा मिनिटं गेली.

मी म्हणालो, "दोन नारळ निघाले रे भगता, लिंबू कुठाय?"

मोठ्याने हसले सगळे. साहेबही. घड्याळ बघत म्हणाले, "दो ठीक आए ना? बाकी हाथ से लाओ. टाइम नहीं है."

दोन रिकामे, बिनसुरुंगाचे, मुद्दाम ठेवले होते. आमच्यासारखी माणसं दोनांनंतर हसतील, हे मांडणाऱ्याला ठाऊक होतं.

मी उठलो. लहानूने खांदा दाबून मला खाली बसवलं. त्याचे कान लाल झाले होते. "तू ऱ्हा मास्तर. तुला पचतं म्हाईत हाय. मला पचतं का बघू दे."

हे तो हसत म्हणाला. केबल खाली ठेवली आणि चालत गेला. आठ वाजून पाच मिनिटांनी त्याने तिसरा टेलिफोन उचलला.

मी हँडल फिरवलं. "हॅलो, एक्सचेंज. एक कॅज्युअल्टी. लान्स नाईक देसले."

"जखमी?"

"नाही."

"समजलं. लाइन कधी थ्रू होणार?"

लाइन अकरा वाजता थ्रू झाली. लहानूने ओढून आणलेल्या टेलिफोनवरून.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. स्वतःच्या निष्काळजीपणाने शत्रूची वस्तू हाताळली, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. हुकमाचा उल्लेख नाही. मी साहेबांना म्हणालो, हे खरं नाही. ते म्हणाले, सही करो. सभांमध्ये साम्राज्यशाहीला आव्हान देणाऱ्या या वक्त्याने मुकाट्याने सही केली. चोपड्या लिहिणाऱ्यांनी हेही छापावं.

फौजेतून सुटल्यावर मी आधी मुरबाडला उतरलो आणि तिथून चालत वाडीवर गेलो. लहानूचा बाप दारात दोर वळत बसला होता. त्याने डब्यातून सरकारी कागद काढला. पोष्टाच्या माणसाने त्याला एवढंच सांगितलं होतं की मुलगा गेला.

"पुरं वाच," तो म्हणाला.

मी पुरं वाचलं, मराठीत करून. निष्काळजीपणा या शब्दावर त्याचा हात थांबला.

"न्हाय तो तसा," तो म्हणाला. "इळासुद्धा धार बघून टांगायचा."

मग मी सगळं सांगितलं. हुकूम सांगितला. माझं हसणं सांगितलं, शब्द सांगितले. सही सांगितली. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. दोराला दोन पीळ घातले आणि विचारलं, "दोन आनलान त्यानं, त्ये चाललं?"

"चालले. त्याच्यावरूनच तोफांना निरोप गेला. पुढच्या टेकडीवर आमची बरीच माणसं वाचली."

त्याने दोर गुंडाळून बाजूला ठेवला. दाराआडून लहानूची आई म्हणाली, "तिकडं हसायचा का रे त्यो?"

"हसायचा, मावशी. आम्हालाही हसवायचा."

"जेवून जा," ती म्हणाली.

मी जेवलो. निघताना म्हाताऱ्याने तो कागद माझ्या हातात दिला. खरं काय ते मराठीत लिही म्हणाला, म्हंजी कोनीबी वाचंल. म्हणून हे लिहिलं.

लान्स नाईक लहानू देसले, लाइनमन. वाडी नाणेघाटाखाली, तालुका मुरबाड. त्याने दोन टेलिफोनांना केबल बांधली होती. तिसऱ्याला ती आम्ही बांधू दिली नाही.