सासरेबुवांचं मौन आणि बाभळीचा ओंडका

लग्नानंतर वर्षभर माझे सासरे माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, आणि त्यात त्यांची फारशी चूक नव्हती. आम्ही त्यांना न विचारता यवतमाळला जाऊन नोंदणी पद्धतीनं लग्न उरकलं होतं. शिवाय माझं आर्णीला झेरॉक्सचं दुकान. त्यांच्या मते हा काही धडधाकट माणसाचा धंदा नव्हता.

तरी महिन्यातून एकदा आम्ही त्यांच्या खेड्यात जायचो. मी समोर बसलेला असलो तरी सासरेबुवा सासूबाईंना सांगायचे, "त्याले म्हन, चहा घे." सासूबाई दहा पावलं चालून यायच्या आणि म्हणायच्या, "जवाईबापू, चहा घ्या." (त्यांच्याकडून निरोप येईपर्यंत मला काही ऐकू आलेलंच नाही, असं धरायचं. रीत म्हणजे रीत!) बायको मात्र परतताना दर वेळी बसमध्ये रडायची, आणि ते मला बघवत नसे.

त्या वर्षी अळीनं कपाशी खाल्ली होती. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, इतक्या खुरटल्या की चुलीला जळण पुरेना, म्हणून बांधावरची वाळकी बाभूळ तोडून अंगणात आणून टाकली होती. मी ठरवलं, आज लाकडं फोडायची. जावयाचा घाम पाहिला की म्हातारा विरघळेल! बायको विहिरीवर गेली, मी कुऱ्हाड उचलली आणि सगळ्यांत जाड, पोकळ ओंडका निवडला. (पोकळ म्हणजे फोडायला सोपा. ही माझी अक्कल!)

बाजेवर बसलेले सासरेबुवा एकदम ताठ झाले.

"अवं, त्याले सांग, त्या ओंडक्याले हात नोको लावू म्हन!"

हे मला स्वच्छ ऐकू आलं, आणि झोंबलं. झेरॉक्सवाल्याला ओंडका झेपणार नाही होय? मी पहिला घाव घातला.

"अवं, सांग ना लवकर!"

"माही भाकर जळून राह्यली," आतून सासूबाईंचा आवाज आला. "अन् मीच कायले सांगू? वर्षभर तुमचे निरोप वाहून राह्यली मी. समोरच तर हाये, तुमीच सांगा!"

दुसरा घाव.

"अवं, त्याच्या ढोलीत..."

तिसरा घाव बसला आणि ओंडका गुणगुणायला लागला.

पहिली गांधीलमाशी भुवईवर डसली, दुसरी कानावर, तिसरी शर्टात शिरली. कुऱ्हाड फेकून मी अंगणभर गोल गोल नाचायला लागलो. तेवढ्यात सासरेबुवा ओरडले, "अबे पय! घरात पय!"

माझ्याशी! थेट माझ्याशी! मला इतकं भरून आलं की पळायचं सोडून मी जागच्या जागी उभा राहिलो आणि हात जोडून विचारलं, "मले म्हणता काय, मामाजी?" (तेवढ्यात आणखी चार.)

"मंग काय बैलाले म्हणून राह्यलो?" असं म्हणत ते गोधडी घेऊन धावत आले, ती माझ्या डोक्यावर टाकली आणि मला ओढतच घरात नेलं. दार लावेपर्यंत त्यांनाही दोन डसल्या. त्या दोन्ही खरं तर माझ्या वाट्याच्या होत्या.

बायको पाणी घेऊन आली तेव्हा माझं तोंड भोपळ्याएवढं झालं होतं आणि सासरेबुवा स्वतःच्या हातानं त्यावर चुना लावत होते.

"हालू नोको. इथं दुखते काय? अन् इथं? अबे, ढोलीचं लाकूड फोडाच्या आंधी धूर द्या लागते. तुले कोनं शिकवलं न्हाई?"

"नाही, मामाजी."

"मंग मी शिकवतो."

बायको डोक्यावरची घागर न उतरवताच दारात उभी राहून रडत होती, आणि हसतही होती. त्या माश्यांचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही.

तासाभरात आग थांबली. सासरेबुवांनी विचारलं, "आता कमी हाये काय?"

"न्हाई मामाजी, बहुत दुखते."

ते पुन्हा माझ्याजवळ बसले आणि त्यांनी चुन्याची डबी उघडली. मी खोटं बोललो की चेहऱ्यावर लगेच दिसतं, असं बायको म्हणते. पण त्या दिवशी माझा चेहरा कोणाला सापडतच नव्हता!