शेततळ्याजवळची परिसर भेट

शाळेत हजर झाले त्या दिवशी माझ्या मनात भीती शिरली होती. ती दिवाळीच्या सुट्टीपर्यंत काही केल्या गेली नाही.

मी माळशिरसकडची, उसाच्या पट्ट्यात वाढलेली. नोकरी लागली ती सोलापूर जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, मैंदर्गीच्याही पुढं, जिथून कर्नाटकाची हद्द चालत गाठता येते अशा एका गावात. शाळा जिल्हा परिषदेची, मराठी माध्यमाची. शिक्षक दोनच. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे. माझ्या वर्गात सत्तावीस मुलं होती आणि जवळजवळ सगळी घरी कन्नड बोलायची.

मला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. मुलांकडे पाठ करून फळ्यावर लिहायला लागले की मागून कुजबुज सुरू व्हायची, मग खसखस. ही माझ्यावरच हसतायत असं वाटून माझे कान तापायचे. वळले की सगळे गप्प, वहीत डोकं घातलेले.

जुलैत चाचणी झाली. केंद्रप्रमुख आले, त्यांनी पेपर चाळले आणि म्हणाले, "मॅडम, वाचन फारच कच्चं आहे. सत्र संपताना मी परत येणार. तेव्हा फरक दिसला पाहिजे." ते काही रागावून बोलले नाहीत, पण त्या दिवशी मला डबा गेला नाही. नवी नोकरी, त्यात असा शेरा. मला नीट शिकवता येत नाही हे आता सगळ्यांना कळणार, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

त्याच आठवड्यात मी एका खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यात दोरी ओवली आणि वर जाड अक्षरात लिहिलं, 'मी मराठीत बोलेन'. वर्गात जो कन्नड बोलेल त्याच्या गळ्यात ती पाटी. दुसरं कुणी सापडेपर्यंत ती त्याच्याच गळ्यात राहायची. पाणी प्यायला जायचं, बाहेर जायचं, सगळं मराठीतच विचारायचं. पंधरा दिवसांत वर्ग चिडीचूप झाला. मी सरांना कौतुकानं सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि हजेरीपत्रकात बघत राहिले.

तिसरीत एक मुलगी होती, बारीक चणीची, लाल रिबिनी बांधून येणारी. जूनमध्ये तिचं तोंड घडीभर बंद नसायचं. पाटी तिच्या गळ्यात दोनदा पडली. दुसऱ्यांदा तर मधल्या सुट्टीत खिचडी खातानाही ती गळ्यातच होती. त्यानंतर तिनं बोलणं सोडलं. फळ्यावरचं ती हुबेहूब उतरवून घ्यायची, पण वाच म्हटलं की नुसते ओठ हलायचे. मी तिच्या वहीवर 'अक्षर सुंदर' असं लिहायचे आणि पुढच्या मुलाकडे वळायचे.

सप्टेंबरात परिसर अभ्यासात पिकांचा पाठ आला. चांगला पाऊस होऊन उघडीप पडली होती. सरांना सांगून मी मुलांना जवळच्या एका रानात घेऊन गेले. तूर, उडीद आणि सूर्यफूल यांची पानं गोळा करायची, चिकटवहीत लावायची आणि खाली नाव लिहायचं, असा उपक्रम होता. तुरीच्या पलीकडं एक शेततळं होतं, काळं प्लास्टिक अंथरलेलं. त्याचं तारेचं कुंपण एका बाजूनं लोळलं होतं. त्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही आणि आत पडलेला पोहणारा माणूससुद्धा वर येत नाही, हे आमच्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत असतं. म्हणून मी मुलांना लांब कडुलिंबाखाली बसवलं आणि बांध ओलांडायचा नाही म्हणून तीनदा बजावलं.

निघताना मुलं मोजली. सव्वीस भरली. ओळीत उभं करून परत मोजली, तरी सव्वीसच.

"कोण नाही रे?"

चौथीतल्या एका चुणचुणीत मुलीनं त्या रिबिनवालीचं नाव घेतलं.

मी हाका मारल्या. एकही ओ आली नाही. तेवढ्यात तिला शोधायला गेलेला एक मुलगा बांधाकडून पळत आला. त्याच्या हातात चिखलानं भरलेल्या चपला होत्या. "मॅडम, ह्या तिच्याच हायत. तळ्याच्या बाजूला पडल्या व्हत्या."

मी पळत सुटले. काळ्या मातीनं पाय धरून ठेवल्यासारखं होत होतं. कुंपणाशी पोहोचले तर पाणी हिरवं आणि अगदी स्थिर. मधोमध काहीतरी लाल तरंगत होतं. रिबीन.  मला पोहता येत नाही. तार धरून खाली वाकले, डोळे ताणून बघितलं, तेव्हा कळलं की ते एक रिकामं पाकीट आहे. पण त्यानं सुटल्यासारखं वाटलं नाही. तरंगतं ते पाकीट. बुडालेलं दिसत नाही.

मुलं माझ्या मागोमाग आली होती. त्यांना मी बांधावरच थांबवलं. "हाका मारा! जोरात!"

त्यांनी तिच्या नावानं हाका मारल्या आणि थांबली.

"थांबू नका! कुठं आहेस म्हणून विचारा, ये म्हणून सांगा!"

 मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग चौथीतली ती मुलगी हळूच पुढे आली. "मॅडम, कन्नडमध्ये बोललं तर चालंल का?"

पाण्यात एक मुलगी असेल नसेल आणि ही पोरं माझ्या परवानगीसाठी थांबली होती.

"बोला रे! कशातही बोला!" माझा आवाज फाटला.

सव्वीस तोंडं एकदम उघडली. "येल्ली अदी? बा! हेदरब्याड!" कुठं आहेस, ये, घाबरू नको. याचा अर्थ मला नंतर कळला. त्या क्षणी नुसता गलका ऐकू येत होता.

आमच्या मागची तूर हलली. माणूसभर वाढलेल्या तुरीत, दोन ओळींच्या मधे ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. फ्रॉक ओला होता. पाण्यानं नव्हे. तिला लघवीला जायचं होतं. मराठीत कसं विचारायचं ते तिला सुचेना. तिनं खूप वेळ धरून ठेवलं, मग पळाली, चिखलात चपला अडकल्या आणि तिथंच कपड्यात झाली. माझी प्रत्येक हाक तिला ऐकू येत होती. हाक आली की ती आणखी आत सरकायची. "मॅडम मारत्याल म्हनून," त्या चौथीतल्या मुलीनं तिचं बोलणं मला मराठीत सांगितलं.

मी ओढणी काढून तिच्या कमरेला गुंडाळली. तिनं अंग ताठ धरलं होतं. 

संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई नुकतीच खुरपणीहून आली होती, तिला थोडं मराठी येत होतं. मी सगळं सांगितलं, पाटीचं आणि तळ्याचंही. आता ही ओरडेल, शेजारीपाजारी गोळा होतील, या भीतीनं मी उंबऱ्याशीच उभी होते.

"पान्यात पडली न्हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं मला तांब्याभर पाणी दिलं. "मारा की मॅडम, पन मराठी शिकवा. मी सोलापूरला दवाखान्यात गेल्ते. डॉक्टर काय म्हनला मला कायबी कळंना. पोरीचं तसं नगं व्हायला."

शिव्या खायची तयारी करून गेले होते.  पाणी पिऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. मग म्हणाले, "पाटीचं मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. माझ्या घरी कन्नडच बोलतात."

पाटी मी मुलांसमोर फाडली. त्यांचा विश्वास बसला नाही, कितीतरी दिवस ती दबकतच बोलत राहिली. मी एक वही सुरू केली. मुलं कन्नड शब्द सांगायची, मी तो देवनागरीत लिहायचे, शेजारी मराठी. माझ्या उच्चारांवर ती हसायची. आता हसू दे म्हणायचे, तरी कान तापायचेच. ती रिबिनवाली मुलगी तीन आठवडे गप्पच राहिली.

ऑक्टोबरात केंद्रप्रमुख आले. त्यांनी नेमकं तिलाच उठवलं. तिनं चार ओळी वाचल्या, एका शब्दाशी अडली आणि त्यांच्या देखत मला कन्नडमधून काहीतरी विचारलं.  ते माझ्याकडे बघायला लागले. मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये तिला अर्थ सांगितला. ती पुढचं वाचायला लागली. जाताना त्यांनी शेरा लिहिला, 'वाचनाचा सराव आवश्यक'.

दिवाळीला गावी गेले. कालव्यावर पोरं उड्या मारत होती. मी कडेला जाऊन त्यांना बाहेर निघा म्हणून ओरडले. माझा भाऊ म्हणाला, "अगं, पोहतात ती, रोजचीच आहेत." पोरं हसली आणि पुन्हा उड्या मारायला लागली. भाऊ घरी गेला. मला काही जाववेना. शेवटचं पोर कपडे घालेपर्यंत मी तिथंच उभी होते.