खालचा भाग तिथंच राहतो

इब्राहिमभाई नवं भांडं गिऱ्हाईकाच्या हातात लगेच देत नसत. डबा असो, बादली असो, ती काठोकाठ पाण्यानं भरायची, खाली वर्तमानपत्राचं पान अंथरायचं आणि पाव तास थांबायचं. गिऱ्हाईक चुळबुळ करू लागलं की म्हणत, "बसा हो, घर काय पळून जातंय? कागद कोरडा, तर डबा खरा." आणि त्या पाव तासात स्वतः वाकून तेच पान वाचत. चौथी शिकलेल्या या माणसानं अर्धं जग असं पाव पाव तासानं वाचून काढलं होतं.

भवानी पेठेत त्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे आणि जवळच्या एका व्याख्यानमालेत दरवर्षी बोलत असे. इब्राहिमभाई तिथले वीस वर्षांचे श्रोते. विषय संतसाहित्य असो की मधुमेह, दाराजवळची शेवटची खुर्ची त्यांची. पुढे बसा म्हटलं तर म्हणत, "नको सर, पत्र्याचे सांधे जोडायला डाख देऊन देऊन हाताला नवसागराचा वास येतो. पुढच्यांना त्रास कशाला?" दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्याला ते अख्खं व्याख्यान ऐकवत. माझी दोन-तीन मी तिथं उभं राहून ऐकली आहेत. खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा ते बरं सांगत.

एकोणसत्तर साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हा पुण्यात टीव्ही आला नव्हता. रेडिओवर ऐकायचं आणि सकाळी पेपरात बघायचं. आम्ही सगळे त्या जुलैत जागे झालो. इब्राहिमभाई मात्र कितीतरी आधीपासून त्या मोहिमेच्या मागावर होते.

"सर, आधी तीन माणसं जमिनीवरच यानात जळून गेली. ती विसरायची नाहीत. मग दुसरे तिघे नाताळात चंद्राला नुसता फेरा मारून आले. मग उतरायची गाडी पृथ्वीभोवतीच फिरवून बघितली. मग तशीच गाडी चंद्रापाशी नेली, पार खाली गेले, आणि न उतरता परत! हातातोंडाशी आलेला घास सोडला. का? पाणी घालून बघत होते, सर!"

हा क्रम माझ्या एम.एस्सी.च्या पोरांना सांगता आला नसता. मलाही आला नसता, पण तेव्हा मी हे मेलो तरी कबूल केलं नसतं.

त्या वर्षी व्याख्यानमालेत चंद्रावर माझी दोन दिवस दोन व्याख्यानं ठरली. लोकांना दाखवायला मी इब्राहिमभाईंकडून त्या उतरणाऱ्या यानाची पत्र्याची प्रतिकृती करून घेतली. हातभर उंच, चार पायांची, अशी देखणी वस्तू की बघत राहावं. व्याख्यानाला जाताना घ्यायला गेलो तर ते म्हणाले, "सर, दोन मिनिटं. हे वरचं कसं बसवलंय ते जरा सांगतो."

मला उशीर होत होता. "इब्राहिमभाई, तुम्ही केलंत, आता सांगायचं काम माझं," म्हणालो आणि रिक्षात बसलो.

सभागृह खच्चून भरलं होतं. मी चांगलाच रंगात आलो. "आणि कामगिरी फत्ते झाल्यावर हे यान जसंच्या तसं चंद्रावरून उडालं!" असं म्हणत प्रतिकृती वरून धरून झोकात उचलली. वरचा भाग माझ्या हातात आला. चार पायांचा खालचा भाग टेबलावरच उभा.

खसखस पिकली. मला दरदरून घाम फुटला. पुण्यात वक्त्याचं हसं झालं की त्याला वर्षभर तोंड दाखवायची सोय राहत नाही. अशा वेळी ते हसं दुसऱ्याच्या गळ्यात टाकायची विद्या आम्हा पुणेकरांना शिकवावी लागत नाही. मी म्हणालो, "काय आहे, यान अमेरिकेचं असलं तरी डाख भवानी पेठेचा आहे!" टाळ्या पडल्या.

शेवटच्या खुर्चीवरून इब्राहिमभाई उठले. वीस वर्षांत त्या सभागृहात ते पहिल्यांदाच बोलत होते. "माफ करा सर. डाख सुटलेला नाही. ते दोन भागांतच आहे. खालचा भाग तिथंच राहतो, वरचा तेवढा उडतो."

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आपण डबे करता ना?"

"जी सर."

"मग आपण झाकणांचं बघा. चंद्राचं आम्ही बघतो."

असा हशा मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही. इब्राहिमभाई "बरं सर" म्हणाले आणि बसले. मधेच उठून गेले नाहीत. व्याख्यान अर्धवट सोडणं हा वक्त्याचा अपमान, असं ते मानत. माझा अपमान होऊ नये म्हणून तो माणूस आणखी पाऊण तास तिथं बसून राहिला. आज हे लिहितानाही माझी मान वर होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या वाचनालयात एक परदेशी मासिक उघडलं. महिनाभर ते तसंच पडलं होतं. आत रंगीत आकृती होती. यान दोन भागांचं. खालच्या भागाचा ओटा करून वरचा भाग उडतो, आणि खालचा चंद्रावरच राहतो. इब्राहिमभाईंचा शब्द न् शब्द खरा होता.

संध्याकाळी दुसरं व्याख्यान. "काल मी चुकलो, इब्राहिमभाई बरोबर होते," हे वाक्य मी घोकून गेलो होतो. उभा राहिलो आणि दाराकडे पाहिलं. खुर्ची रिकामी. ते आलेच नाहीत तर सांगायचं कुणासाठी, असं मनाशी म्हटलं आणि वाक्य गिळून टाकलं. आदल्या दिवशी निदान मला माहीत तरी नव्हतं. त्या दिवशी सगळं माहीत होतं.

इब्राहिमभाई त्यानंतर व्याख्यानाला कधीच आले नाहीत. पेठेतली टवाळ माणसं दुकानासमोरून जाताना ओरडत, "काय चाचा, बसलं का चंद्राचं झाकण?" हे कानावर आलं आणि मी तो रस्ताच सोडला. पुढच्या वर्षी वाटेत टाकी फुटून तीन चांद्रवीर मरणाच्या दारातून परत आले, तेव्हा इब्राहिमभाई काय म्हणतील या ओढीनं गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तिथूनच परत फिरलो. मग बहात्तर साली शेवटचे लोक जाऊन आले आणि माणसाचं चंद्रावर जाणंच थांबलं.

एकदा मंडईत अचानक समोर आले. "सर, तब्येत बरी आहे ना?" तोच मान, तोच आवाज. मी चाचरत म्हणालो, "इब्राहिमभाई, त्या दिवशी..."

"सोडा हो सर. पत्र्याचं काम करणाऱ्याला ठोक्यांचं काय?"

मीही निर्लज्ज. त्यांनी सोडा म्हटलं आणि मी लगेच सोडलं.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी निवृत्त झालो होतो. घरी भेटायला गेलो. त्यांची मुलगी रेहाना शाळेत शिक्षिका होती. तिला म्हणालो, "तुझे अब्बा बरोबर होते. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

तिनं माझ्यापुढे पाणी ठेवलं. "ते बरोबर होते हे अब्बांना माहीत होतं, सर. आम्हालाही. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना सांगायचं होतं."

पुढच्या वर्षी त्याच व्याख्यानमालेनं मला उद्घाटनाला बोलावलं. रेहानाला मी मुद्दाम ये म्हणून सांगितलं. आणि उभं राहून सगळं बोललो. इब्राहिमभाईंचं नाव, दुकान, माझा तो झाकणांचा विनोद, दुसऱ्या दिवशी गिळलेलं वाक्य, काही लपवलं नाही. समोर सगळे नवे चेहरे होते. त्या दिवशी हसलेल्यांपैकी कोणी दिसलं नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आभार मानताना चिटणीस गहिवरून म्हणाले, "एवढ्या मोठ्या प्राध्यापकांनी एका साध्या कारागिराची अशी जाहीर माफी मागावी, यालाच मनाचा मोठेपणा म्हणतात!" पुन्हा टाळ्या. माणसं माझ्या पाया पडायला व्यासपीठावर चढली.

त्यांच्यातून वाट काढत मी रेहानापाशी पोचलो. ती चपला घालत होती.

"येते, सर," ती म्हणाली. "आभार मानताना अब्बांचं नाव कुणी घेतलं नाही."