रांजणातलं गाणं

सिनेमा संपला, दिवे लागले आणि सगळं गाव टाळ्या पिटायला लागलं. लामारा मात्र जागची हलली नाही. टाळ्या कसल्या वाजवते! आत्ताच पडद्यावर एक माणूस रांजणात गुदमरून मेला होता आणि मरण्याआधी तो चक्क तिच्या नवऱ्याचं गाणं म्हणत होता.

आमच्या काखेती प्रांतात वाइनचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले असतात, माणूस उभा मावेल एवढे. रांजण धुवायचा तर एकजण कमरेला दोर बांधून आत उतरतो, चेरीच्या सालीच्या कुंच्याने घासतो आणि घासता घासता गातो. हौस म्हणून नव्हे हो! जुन्या वाइनचा वायू तळाशी दबा धरून बसलेला असतो. त्याला ना रंग, ना आवाज. वर दोर धरून बसलेल्याचे कान त्या गाण्यावर लागलेले असतात. गाणं थांबलं की काही विचारायचं नाही, दोर खेचायचा.

लामाराचा नवरा जेमाल या कामात पंचक्रोशीत एक नंबर. आवाज म्हणाल तर भसाडा, फुटक्या घागरीसारखा. काम उरकलं की तो स्वतःच जुळवलेली एक ओळ म्हणायचा, "लामारा, राजमा चढव, मी आलोच वर!" दोर धरणाऱ्याने समजायचं, आता ओढा. आणि तो दोर नेहमी एकाच माणसाच्या हातात असायचा. मुर्मानच्या. दोघं लहानपणापासूनचे जिवलग, द्राक्षांचा मळाही शेजारी शेजारी.

एका शरदात जेमाल रांजणातून जिवंत वर आला नाही. मुर्मान छाती पिटत सांगत सुटला, "मी तेलावीला गेलो होतो! सकाळपासून ढोसत होता, एकटाच उतरला असणार!" गावाला पटलं. शुद्धीत असलेला माणूस एकटा रांजणात उतरेलच कशाला? झालं! त्या दिवसापासून लामारा दारुड्याची बायको झाली आणि तिचा बेसो दारुड्याचा पोर. शाळेत पोरं त्याला मडक्यात तोंड घालून हाका मारायची. बेसो मोठा झाला, पोतीच्या बंदरावर कामाला लागला आणि द्राक्षतोडणीलासुद्धा गावाकडे फिरकेना. "कुणाची तोंडं बघायला येऊ गं आई?" म्हणायचा. लामाराने भट्टी पेटवली, पाव विकले, दिवस काढले.

तिला ठाऊक होतं ना! जेवताना पेला सगळेच घेतात, जेमालही घ्यायचा. पण रांजणाच्या दिवशी थेंबाला शिवायचा नाही. त्या सकाळी तिने स्वतः त्याला चीज-पाव वाढला होता, पाण्याबरोबर. हे तिने किती जणांना सांगितलं असेल! पण बायको नवऱ्याचीच बाजू घेणार म्हणून लोक मान हलवायचे आणि पाव घेऊन चालू पडायचे.

आणि आज हा सिनेमा. त्यातला माणूस रांजणात गातो, "मारो, राजमा चढव, मी आलोच वर!" वर बसलेला त्याचा दोस्त द्राक्षांच्या एका ओळीवरून सकाळीच त्याच्याशी भांडलेला असतो. तो खाली तोंड करून खेकसतो, "गप! एकदम गप! कान किटले!" खालचा गप्प होतो. वरच्याला वाटतं, रुसला असेल. तो सिगारेट पेटवतो. सिगारेट संपते, तरी खालून आवाज नाही.

लामाराच्या डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती. वर कोणी होतं, तर जेमाल एकटा उतरला नव्हता. आणि एकटा उतरला नव्हता, तर प्यायलाही नव्हता.

सिनेमा बनवणारा अवतो म्हणजे मुर्मानच्याच बहिणीचा मुलगा. तिबिलिसीत शिकलेला, परदेशात बक्षीस मिळवलेला. व्यासपीठावर तो खुर्चीत रेलून बसला होता आणि शाळेच्या नातेलाबाई त्याला प्रश्न विचारत होत्या.

"अवतो, तुला हे सगळं सुचतं तरी कसं रे?"

"मी गोष्टी शोधत नाही बाई, गोष्टीच मला शोधत येतात," अवतो म्हणाला. "आधी एक चित्र दिसतं. मग मी नुसता वाट बघतो. जुन्या मूकपटांचा माझ्यावर फार प्रभाव आहे. शांतता हेच माझं संगीत."

लोक चर्चमध्ये बसल्यासारखे माना डोलवत होते. लामारा उठून उभी राहिली.

"ते रांजणाचं कुठून आणलंस?"

अवतोने तिला ओळखलं आणि तो सावरून बसला. "काकू, ते... ते मला स्वप्नात दिसलं."

"स्वप्नात राजमाही चढवलास होय रे?"

सभागृहात हशा पिकला. लामारा हसली नाही. अवतोही नाही.

"असं बघा काकू, कलावंत हजार ठिकाणांहून वेचत असतो. आजीच्या गोष्टी, एखादं चित्र, रस्त्यात कानावर पडलेलं वाक्य. शेवटी कुठलं कुठून आलं, ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही."

"हजार ठिकाणं नको सांगूस. एकच सांग. हे तुला कोणी सांगितलं?"

अवतोने कपाळाचा घाम पुसला. त्याची नजर पहिल्या रांगेकडे गेली आणि लगेच परत आली. पहिल्या रांगेत मुर्मान बसला होता, टोपी गुडघ्यावर, मान खाली. "चला चला, जेवणं थंड होताहेत!" असं म्हणत नातेलाबाईंनी कार्यक्रम गुंडाळला.

लामाराला घरी निघून जावंसं वाटत होतं. पण टेबलावरचा पाव तिच्याच भट्टीतला होता. शिवाय ती नजर तिने पाहिली होती. ती तरातरा गेली आणि मुर्मानच्या बरोबर समोर जाऊन बसली.

अंगणात लांबलचक टेबल मांडलं होतं. अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, कोंबडी, वाफाळता राजमा, सगळं होतं. तमादा, म्हणजे पंगतीचा म्होरक्या, नेहमीप्रमाणे मुर्मान. आमच्याकडे तमादा उठून कोणाच्या तरी नावाने बोलल्याशिवाय पेला कोणी तोंडाला लावत नाही, आणि तो ज्याच्याकडे शब्द वळवील त्याला उभं राहून बोलावंच लागतं. इतर ठिकाणी कितीही थापा मारा, हातात पेला धरून कोणी खोटं बोलत नाही.

मुर्मान शांततेसाठी बोलला, गावासाठी बोलला. मग शेजारच्या म्हाताऱ्यांनी आठवण केली, "अरे, पाहुण्याला बोलू दे! त्याच्या गुरूंसाठी!" तमादाला नाही म्हणता येईना.

"ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्यासाठी," मुर्मान ओढून ताणून म्हणाला. "बोल, अवतो."

अवतो उभा राहिला. कॉलेजातल्या प्राध्यापकांचं नाव घेतलं, म्हाताऱ्या कॅमेरामनचं घेतलं. लामारा त्याच्याकडे एकटक बघत होती.

"आणि एक माणूस आहे," तो हळूच म्हणाला. "द्राक्षं तुडवता तुडवता तो माझ्यापाशी एकदा खूप रडला होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की गप्प राहणं म्हणजे काय असतं. त्याच्याकडून मी..."

"पुरे!" मुर्मान म्हणाला. "पेला रिकामा कर आणि बस."

अवतो प्यायला आणि बसला. पुढचं बोलणं मेलेल्यांसाठी असतं, हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. सगळ्यांनी पावाचे तुकडे हातात घेतले. मुर्मान एकेकाचं नाव घेत गेला आणि माणसं पावावर वाइनचे थेंब सोडत गेली.

"आमचा जेमाल," तो म्हणाला. "देव त्याला क्षमा करो."

क्षमा! दर वर्षी, दर टेबलावर तो हेच म्हणायचा आणि लामारा दर वेळी पावावर थेंब सोडायची. आज तिने पाव खाली ठेवला आणि गायला सुरुवात केली. तिचाही आवाज काही गोड नव्हता. पण आमच्याकडे गाणाऱ्याला एकटं सोडत नाहीत. दोघातिघांनी सवयीने खालचा सूर धरला.

"लामारा, राजमा चढव, मी आलोच वर!"

मुर्मानचा चेहरा पांढराफटक पडला. तिने तीच ओळ पुन्हा म्हटली. मग पुन्हा. तिची नजर त्याच्यावरून हलत नव्हती. ती हे का गातेय ते पुरुषांना कळत नव्हतं, तरी सूर धरून होते.

"लामारा, राजमा चढव, मी आलोच..."

"गप!" मुर्मान खेकसला. "एकदम गप! कान किटले!"

सूर तुटले. हेच शब्द, असेच खेकसलेले, सगळ्या गावाने तासाभरापूर्वी पडद्यावर ऐकले होते. अवतोने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मुर्मान पेला धरून उभाच होता. आपण काय बोललो हे त्यालाही आता कळलं.

"प्यायला होता का तो?" लामाराने विचारलं.

"लामारा, ऐक, मी त्या दिवशी..."

"तुझं मला काही ऐकायचं नाही! तू का भांडलास, कशी सिगारेट ओढलीस, ते तुझं तू देवाला सांग. माझा जेमाल प्यायला होता का?"

"नाही."

"मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"थेंबही प्यायला नव्हता!" मुर्मान हुंदके द्यायला लागला. "दोर माझ्या हातात होता. मीच त्याला गप केलं."

कोणीतरी पुटपुटत छातीवर क्रूसाची खूण केली. लामाराने झग्याच्या खिशातून फोन काढला. पहिल्यांदा नंबरच चुकला. मग पलीकडे बंदरातला खडखडाट ऐकू आला. "आई? बरी आहेस ना? काय झालं?"

तिने फोन टेबलापलीकडे मुर्मानसमोर धरला. "बेसो आहे. त्यालाही सांग."

मुर्मानने पेला खाली ठेवला आणि फोन हातात घेतला. "बेसो, मी मुर्मानकाका," तो म्हणाला आणि थांबत, अडखळत त्याने सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तो फोन कानाला लावून वाट बघत राहिला आणि मग घाबरून लामाराकडे बघायला लागला.

"काही बोलतच नाही गं तो."

लामाराने झडप घालून फोन ओढून घेतला.

"बेसो, गप्प नको बसूस रे राजा," ती म्हणाली. "काहीही बोल. मला शिव्या दे, रड, पण बोलत राहा. मी ऐकतेय."